डिकीतली तीन पोती

मागचं डावं चाक जागच्या जागी गरगरत होतं. जियालालने पुन्हा एकदा पाय दाबला. चाकाने करड्या बर्फाचा चिखल माझ्या विजारीवर उडवला आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी बोटभर आणखी खाली बसली.

"बाबूजी, धक्का लगाना है," खिडकीतून डोकं काढून तो ओरडला, "पीठ पर हाथ नहीं फेरना है!"

मी माझ्या परीने ढकलतच होतो. पण माझी ताकद किती, हे मला आणि बहुधा त्या गाडीलाही ठाऊक होतं. बूट घसरले, मी गुडघ्यावर पडलो. उठताना मागच्या काचेतून आत पाहिलं. वैनी सीटवर आडव्या होत्या. पदराचा बोळा त्यांनी दातांत धरला होता.

गाडी काळी ॲम्बॅसिडर होती. जागा शिमल्याच्या वाटेवरची, खडापत्थरच्या घाटाच्या अलीकडची, शेवटच्या चढाची. साल चौऱ्याहत्तर, जानेवारीचा महिना. सकाळचे साडेनऊ वाजले होते. हे वेळेचं मला नक्की आठवतं, कारण त्या दिवशी मनगटावर दादांचं घड्याळ होतं. निघताना त्यांनी ते काढून माझ्या हातावर बांधलं होतं. बाकी पुष्कळ गोष्टींबद्दल माझी खात्री नाही.

आम्ही विट्याकडचे गलाईवाले. देशातल्या कुठल्याही गावाच्या सराफकट्ट्यात जा, मागच्या बोळात आमच्याकडचा एखादा माणूस भट्टी पेटवून सोनं गाळत बसलेला सापडेल. माझे थोरले भाऊ ज्योतीराम, म्हणजे दादा, शिमल्याच्या पलीकडे रोहडूच्या बाजारात जाऊन बसले होते. माझं शिक्षण बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अडलं, तेव्हा त्यांनी मला तिकडे बोलावून घेतलं. मला ते काम कधी जमलं नाही. सोनं वितळवायची मूस चिमट्यात धरली की ती माझ्याकडून कलंडायची. दादा रागवायचे नाहीत. नुसता चिमटा माझ्या हातातून काढून घ्यायचे.

वैनींचं नाव शालन. चौथी शिकलेल्या. त्या मुलखात मराठी बोलणारी आम्ही तिघंच होतो, आणि दादा मुळातच कमी बोलायचे. त्यामुळे संध्याकाळी चुलीपुढे मी पुस्तक वाचायचो आणि वैनी भाकरी थापत ऐकायच्या. लग्नानंतर नऊ वर्षांनी त्यांना दिवस गेले होते. त्या पहाटे कळा सुरू झाल्या. दाईने पोट चाचपून पाहिलं आणि हात पुसत म्हणाली, मूल आडवं आहे, माझ्याच्याने होणार नाही, शिमल्याला न्या.

रात्री बर्फ पडला होता. बस बंद होती. बाजारात टॅक्सी एकच, जियालालची. तो आधी नाही म्हणाला. मग वैनींचं कण्हणं त्याच्या कानावर गेलं आणि त्याने गाडी काढली.

दादांना येता आलं नाही. एका लग्नघराचं सोनं मुशीत होतं, आणि दुसऱ्याचं सोनं भट्टीवर असताना गलाईवाला दुकान सोडत नाही. "दुपारपतूर उरकतो आन् मिळंल त्या गाडीनं मागनं येतो," ते म्हणाले. मग आत गेले आणि एकेक करून तीन पोती आणून त्यांनी डिकीत टाकली.

"गाडी जातीयाच, तर ही बी जाऊ देत. शिमल्याच्या बाजारातल्या आपल्या माणसाकडं टाक."

मग म्हणाले, "शिरपती, वैनीला जप." की आधी "वैनीला जप" म्हणाले आणि मग पोत्यांचं सांगितलं? पन्नास वर्षं मी हे आठवायचा प्रयत्न करतो आहे.

जियालाल खाली उतरला. चाकापाशी उकिडवा बसून त्याने लोखंडी घमेल्याने बर्फ उकरला. खाली डांबर नव्हतंच, काचेसारखा गोठलेला थर होता. त्याने कोयत्याने देवदाराच्या फांद्या तोडून आणल्या, मी त्या चाकाखाली सारल्या. गाडीने फांद्या चिरडल्या, मागे फेकल्या आणि पुन्हा त्याच खड्ड्यात बसली. दुसऱ्यांदा फांद्या. तिसऱ्यांदा जियालालने स्वतःचं घोंगडं घातलं. ते चाकाला गुंडाळलं गेलं आणि फाटलं.

"गया," तो घोंगड्याकडे बघत म्हणाला. "सास ने दिया था. चलो, उससे तो पीछा छूटा."

मी हसलो नाही. त्यालाही हसायचं नव्हतंच. त्याने तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाला, "नीचे पकड़ नहीं है. रेत हो, राख हो, कुछ भुरभुरा हो तो अभी निकल जाए. घर के बाहर रोज़ राख डालते हैं हम लोग. आज निकलते वक्त दिमाग में ही नहीं आया. दो बाल्टी चूल्हे की राख डाल लेता तो..."

मी ऐकत उभा होतो.

"पीछे बोरियाँ हैं न? क्या है उनमें?"

"किताबें," मी म्हणालो.

इतकं पटकन उत्तर मी आयुष्यात कुणाला दिलं नसेल.

"तीन बोरी किताबें?"

"हां."

"सब पढ़ ली हैं?"

"काही... कुछ."

"तो पढ़कर बताओ, उनमें कहीं लिखा है बर्फ से गाड़ी कैसे निकालते हैं?" तो म्हणाला आणि घमेलं घेऊन पुन्हा वाकला. "रहने दो. वज़न है, पीछे के पहिए पर ठीक है."

मी काचेतून आत पाहिलं. वैनींनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटले.

पोत्यांत पुस्तकं नव्हती. राख होती.

पण आमच्यात तिला कुणी नुसती राख समजत नाही. भट्टीची राख, दुकान झाडलेली धूळ, फुटलेल्या मुशींचा चुरा, हे वर्षभर साठवायचं. त्यात डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे कण असतात. वर्षाच्या शेवटी ती धुऊन, पुन्हा आटवून सोनं काढतात. दुकानातून बाहेर पडताना आम्ही कपडे आतच झटकायचो. हात एकाच बादलीत धुवायचे आणि त्या बादलीचा गाळ राखेत. बसायचं तरट फाटलं तर फेकायचं नाही, जाळायचं, आणि त्याची राखही पोत्यात. मी गेलो त्या पहिल्या दिवशी सवयीने केर काढून बाहेर टाकायला निघालो, तेव्हा दादांनी उंबऱ्यात माझं मनगट धरलं. त्यांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट ती. दुसरी गोष्ट, पोत्यात काय आहे हे परक्याला कधीही सांगायचं नाही. वाटेवर गळा कापतील. "कुणी इच्यारलं तर कायबी सांग. पर राख म्हनू नगंस."

मी राख म्हणालो नाही.

जियालाल पुढे वळणावर कुणी माणूस दिसतं का पाहायला गेला. मी पुढच्या सीटवर जाऊन बसलो. हात बधिर झाले होते. वैनींना कसं वाटतंय, हे विचारायचं होतं, पण मी बावीस वर्षांचा होतो आणि त्या बाळंतपणाच्या कळा देत होत्या. काय विचारायचं, कुठे पाहायचं, मला कळत नव्हतं. मी समोरच्या काचेवर जमलेला बर्फ पाहत राहिलो.

"भावजी."

"हां वैनी."

"किती वाजलं?"

"साडेदहा."

"गाडी निघंल का?"

"निघेल. जियालाल माणसं आणायला गेलाय."

एक कळ आली. त्यांनी माझ्या सीटची मागची कड पकडली. ती कड हलताना मला पाठीत जाणवत होती. कळ ओसरल्यावर बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग त्या म्हणाल्या, "डिकीत पुस्तकं हायती म्हनं."

मी बधिर हात काखेत घातले.

"काढा की एखादं. वाचून दावा. तेवढाच येळ जाईल."

त्यांच्या आवाजात थट्टा होती, असं मला वाटलं. इतक्या वेदनेत ही बाई माझी थट्टा करते, तर सगळं ठीक असणार, असंही मला वाटलं. आता वाटतं, मी तसं वाटून घेतलं.

"वैनी, दादांनी..." मी सुरुवात केली.

"मला काय सांगू नका," त्या म्हणाल्या. "बसा गप."



जियालाल एकटाच परत आला. वरच्या वस्तीतल्या घरांना कुलपं होती, माणसं गुरं घेऊन खाली गेली होती. त्याने पुन्हा उकरायला घेतलं. आता तो विनोद करत नव्हता. घमेलं टाकून नुसत्या हातांनी उकरत होता. त्याची नखं फुटून बर्फावर रक्ताचे थेंब पडले. मी त्याच्या शेजारी बसून उकरत होतो. आमच्या मागे, हाताच्या अंतरावर, डिकी होती. मी प्रत्येक वेळी ठरवत होतो, या खेपेला नाही निघाली तर सांगायचं. प्रत्येक खेपेला गाडी थोडी हलायची. थोडी हलली, की मला वाटायचं, पुढच्या खेपेला निघेल, तशीच निघेल.

मी घड्याळ तीनदा पाहिलं. शेवटचं पाहिलं तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.

मागचं दार उघडलं. वैनींनी पाय खाली टाकले होते. चेहरा राखाडी पडला होता. दाराला धरून त्या अर्धवट उठल्या.

"भावजी, पोती काढा."

"वैनी, दादा काय म्हणतील..."

"त्यांना मी सांगंन काय सांगायचं ते. काढा म्हनते ना!"

हे शेवटचं त्या ओरडल्या. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. जियालालला मराठी येत नव्हतं, पण तो उठून उभा राहिला.

मी डिकी उघडली. पहिलं पोतं ओढलं, तोंडाची सुतळी बोटांनी सुटेना, दातांनी तोडली. पोतं चाकाखाली उलटं केलं. पांढऱ्या बर्फावर काळसर राख पसरली आणि वाऱ्याने थोडी उडून माझ्या तोंडावर आली. मुशीच्या चुऱ्याने ती खरखरीत होती. पकड घ्यायला त्याहून चांगलं काही मिळालं नसतं.

जियालाल एक क्षण त्या राखेकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याने दुसरं पोतं स्वतः ओढलं आणि दुसऱ्या चाकापुढे रिकामं केलं. तिसरं आम्ही पुढच्या चढावर, दोन चाकोऱ्या धरून, मुठीमुठीने फेकलं.

पहिल्याच झटक्याला गाडी बाहेर आली. मला ढकलावंही लागलं नाही.

शिमल्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा चार वाजायला आले होते. वैनींना आत नेलं. मी बाकावर बसलो. माझ्या हातांच्या रेघांत राख होती. दीड तासाने एक वयस्क नर्स बाहेर आली आणि म्हणाली, आई वाचली आहे. मुलगी होती. "थोड़ी देर हो गई, बेटा."

असं त्या सगळ्यांनाच म्हणत असतील. मी नंतर पुष्कळ पुस्तकं चाळली. आडव्या मुलाचं किती तासांत काय होतं, हे शोधत राहिलो. प्रत्येक पुस्तक वेगळं सांगतं.

दादा दुसऱ्या दिवशी सकाळी आले. अर्धी वाट ते चालत आले होते. मुलीला आम्ही दोघांनी दवाखान्यामागच्या उतारावर पुरलं. जमीन गोठलेली होती. खड्डा त्यांनीच खणला. पहार मी मागितली, तेव्हा त्यांनी मान हलवली.

मग ते वैनींच्या खाटेपाशी येऊन बसले. मी पायथ्याशी उभा होतो. मला एकच भीती होती. मी स्वतःच बोलून टाकलं, "दादा, पोती... सगळी राख रस्त्यावर टाकावी लागली."

"जियालालनं वाटंत सांगितलं, गाडी अडकली हुती म्हनून," ते म्हणाले. "किती येळ अडकलासा?"

"दोन तास. थोडे जास्तच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"राख तर जवळच हुती," ते म्हणाले. "मग दोन तास काय करत हुतासा?"

मला वाटतं, माझं तोंड उघडलं होतं. काय बाहेर येणार होतं, कोण जाणे.

"डिकी गोठली हुती," खाटेवरून वैनी म्हणाल्या. त्यांनी डोळे उघडले नव्हते. "कडी उघडना. त्यांनी लई खटपट केली."

दादांनी मान हलवली. त्यांनी वैनींच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि पुन्हा कधी हा विषय काढला नाही. मीही काढला नाही. मी त्यांचं घड्याळ परत केलं. ऊन तापायला लागल्यावर मी विट्याला परतलो, राहिलेलं बी.ए. पूर्ण केलं आणि एका शाळेच्या ग्रंथालयात चिकटलो. तिथे माणसांशी फारसं बोलावं लागत नाही. निवृत्त होईपर्यंत तिथेच होतो. वैनींना त्यानंतर मूल झालं नाही.

दादा जाऊन अकरा वर्षं झाली. दुकान बंद करून ती दोघं विट्यालाच येऊन राहिली होती. वैनी आता एकट्या असतात, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. डोळे अधू झालेत. आठवड्यातून दोनदा मी जातो आणि त्यांना काहीबाही वाचून दाखवतो. गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका दुपारी वाचता वाचता मी थांबलो. का थांबलो ते सांगता येत नाही. पुस्तकात बर्फाचा उल्लेखही नव्हता.

"वैनी," मी म्हणालो, "दवाखान्यात तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. डिकी गोठली नव्हती."

त्या शेंगा फोडत होत्या. हात थांबला नाही.

"मी जियालालला किताबें म्हणालो होतो. तुम्ही ऐकलंत. तुम्ही तेव्हा बोलला नाहीत, नंतरही कधी बोलला नाहीत."

"तुमच्यासाठी न्हवं," त्या म्हणाल्या.

"मग?"

"तुम्ही पुस्तकं म्हनालासा, तवा मी जागी हुते की. मला काय जीभ न्हवती? पोटात पोर माझं हुतं, भावजी. तुमचं न्हवं." त्यांनी टरफलं बाजूला सारली. "वरीसभर त्यांना भट्टीपुढं खोकताना बघितलं हुतं त्या राखंसाठी. मला बी वाटलं, निघंल गाडी. तशीच निघंल."

 बाहेर एक रिक्षा गेली.

"दादांना हे कधी कळलं नाही, एवढंच बरं झालं," मी म्हणालो.

"त्यांना कळलं न्हाई?" वैनींनी मान वर केली. नीट दिसत नसलं तरी त्यांनी माझा चेहरा बरोबर शोधला. "जियालाल आमच्याच बाजारातला गडी. किती दिवस गप बसंल? तुम्ही इकडं आल्यावर म्हैन्याभरात त्यानं सगळं सांगितलं. किताबें म्हनालासा ते बी."

माझ्या हातातलं पुस्तक मिटलं. दादा त्यानंतर चाळीस वर्षं जगले होते. माझ्या लग्नात त्यांनी मला स्वतःच्या हाताने फेटा बांधला होता. प्रत्येक सुट्टीला आले की विचारायचे, नवीन काय वाचलंस?

"मला एका शब्दाने बोलले नाहीत," मी म्हणालो.

"काय बोलनार? मी इच्यारलं हुतं, शिरपतीला काय म्हननार न्हाई का तुम्ही? तर म्हनले, त्यानं काय केलं? मी शिकीवलं, तसंच केलं की त्यानं."

त्या पुन्हा शेंगा फोडू लागल्या. मग, जणू बाजारहाटाचं काही सांगावं तसं म्हणाल्या, "तवाधरनं दर साली बर्फ पडला की सकाळी उठून त्यांनी भट्टीची राख घ्यायची आन् दुकानाम्होरल्या उतारावर टाकत जायचं. पार बसच्या अड्ड्यापतूर. दुकान बंद करंपतूर चुकवलं न्हाई."

"धुतलेली राख?"

"न्हाई. तशीच."

"कुणी विचारायचं नाही, ज्योतीराम, काय टाकतोस म्हणून?"

"इच्यारायचं की."

"मग काय सांगायचे?"

"राख हाय, म्हनायचे."